उलटं करून बघितलेलं सफरचंद

प्रिय पेन्सिल,

‘प्रिय’ वाचून फुगू नकोस. पत्र असंच सुरू करतात एवढंच मला शाळेतलं आठवतं, आणि जे येतं ते वापरून टाकावं असा माझा स्वभाव आहे. दुसरीही बरीच विशेषणं सुचली होती. ती लिहिली असती तर तू पहिल्याच ओळीला कागद फाडला असतास आणि माझी मेहनत पाण्यात गेली असती. ‘साहेब’ही लिहून बघितलं, पण हात अडला. ज्या माणसाला मी परीक्षेच्या खोलीतून पळताना खिडकीच्या गजांत अडकलेला बघितलाय, मागून ढकलून बाहेर काढलाय, त्याला साहेब कुठल्या तोंडाने म्हणू? तेव्हा पेन्सिलच. उंच, बारीक, आणि टोक मोडलं की दुसऱ्याच्या दारात येणारी.

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. नंबर हरवला, रेंज नव्हती, असलं काही नाही. समोर येऊन बोल म्हणशील, तर त्यात माझी एक अडचण आहे आणि ती जगात तुझ्याइतकी कोणाला माहीत नाही. मला राग आला की हसू येतं. बाबा मारायला उठायचे तेव्हाही मी दात काढायचो आणि मग दुप्पट खायचो. आता तुझ्यासमोर आलो, तुझा तो कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यातलं ओळखपत्र बघितलं, की माझ्या तोंडून काहीतरी विनोद जाणार. तू सुटल्यासारखा हसणार, पाठीवर थाप मारणार, आणि मिटलं म्हणून मोकळा होणार. कागदावर मला हसू येत नाही, हे आजच कळलं. म्हणून लिहितोय. अक्षर कोंबडीचे पाय आहे, ते चालवून घे.

मी सध्या बुटांच्या दुकानात मागच्या खोलीत आहे. काम असं की बाहेरून आवाज येतो, ‘काळा, आठ नंबर’, की मी शिडीवर चढून खोका काढतो. गिऱ्हाईक घालून बघतं, नाक मुरडतं, खोका परत येतो. डाव्याला उजवा जोडायचा, कागदात गुंडाळायचा, वर ठेवायचा. यात चुकायला जागा नाही आणि डोकं लावायलाही नाही. दुकानदार बरा माणूस आहे, म्हणजे तो माझ्याशी बोलत नाही. पण हात नुसते वळवळतात रे. परवा जेवताना पावाचा मऊ भाग दाबून दाबून मी एक कान बनवला, माणसाचा, पाळीसकट, आणि खोक्यावर ठेवून दिला. काउंटरवरची मुलगी आत आली, तिने बघितला, आणि किंचाळायचं सोडून म्हणाली, ‘दुसरा कुठाय? इथे जोडी लागते.’ इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कारखान्यातून निघाल्यापासून मी बनवलेल्या वस्तूकडे बघून कोणीतरी पहिल्यांदा काही बोललं. तुला हे कळणार नाही. तू हाताने शेवटचं काय बनवलंस, आठवतंय का? टाळ्या सोडून.

आपण दोघं त्या कारखान्यात लागलो तेव्हा तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त कला होती, हे मी रागातही मान्य करतो. दोघं एकाच वर्षी, एकाच विषयात आपटलो होतो. तुझी आई म्हणाली होती, ‘नापास व्हायलासुद्धा या मेल्यांना सोबत लागते.’ फाटकावर ‘माणसं पाहिजेत’ अशी पाटी बघून आत शिरलो. लांबच्या लांब खोली, पत्र्याचं छप्पर, एका टोकाला वितळलेल्या मेणाच्या कढया, दुसऱ्या टोकाला खिडक्यांखाली ओळीने बसलेल्या बायका, आणि एकीच्या हातात द्राक्षाचा घड तर दुसरीच्या हातात केक. हॉटेलच्या काचेत मांडायचे केक, फर्निचरच्या शोरूममध्ये टेबलावर ठेवायची फळं, फोटोवाल्यांना लागणारं न वितळणारं आइस्क्रीम. सगळं मेणाचं. तू माझ्या कानात म्हणालास, ‘इथे खायला एवढं आहे की उपाशी मरू.’ तेव्हा तू विनोद करायचास. आता तू फक्त दुसऱ्याच्या विनोदाला हसतोस, तेही तो दुसरा पगार देणारा असेल तर.

पहिल्या खिडकीपाशी मावशी होती. नात्याने कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. तिने आपल्यापुढे दोन सफरचंदं ठेवली आणि म्हणाली, ‘खा रे एक.’ तू लगेच जास्त लाल दिसणारं उचललंस आणि दात लावणार तेवढ्यात तिने तुझ्या मनगटावर ब्रशचा दांडा मारला. मी दोन्ही गालाला लावून बघितली आणि गार लागलं ते खाल्लं. ती हसली आणि म्हणाली, ‘हा खोडकिडा आहे, आतून पोखरणार. आणि हा लांबडा आपला शिसपेन्सिल, सरळ दिसतोय.’ माणूस ओळखण्यात मावशी एकदाच चुकली, ती अशी.

मग तिने पहिली गोष्ट शिकवली, ब्रश हातात द्यायच्याही आधी. कोरं. फळ कुठलंही असो, खालच्या खळग्यात बोटाच्या टोकाएवढी जागा रंगवायची नाही, मेण तसंच पांढरं सोडायचं. थोरल्या मालकांनी घालून दिलेली रीत. ते म्हणायचे म्हणे, आपण डोळ्यांना फसवणारी माणसं, हाताला नाही. कोणी उचलून उलटं केलं की त्याला कळलंच पाहिजे. संध्याकाळी ट्रे उचलताना मावशीचा एकच प्रश्न असायचा, ‘कोरं सोडलंस का?’ आणि त्यामुळे आपल्या सगळ्यांना ती खोड लागली, घरीसुद्धा फळ आधी उलटं करायचं, खळगा बघायचा, मगच खायचं. फळवाल्याला वाटायचं आपण किडकं शोधतोय. माझी आई वैतागायची, ‘अरे केळं कसलं उलटं करतोस, त्याला दोन्हीकडून तेच आहे.’ पण हात ऐकत नाही. मी अजूनही करतो.

खोड्या मी पहिल्या आठवड्यातच सुरू केल्या, त्यात तू बरोबरीचा भागीदार होतास, हे आता तुझ्या केबिनमधल्या कोणाला सांगत नसशील. हात धुवायच्या जागेवर मेणाचा साबण ठेवला होता तो तुझ्यावरच. तू घासघास घासलास, फेस येईना, शेवटी पाण्याला शिव्या दिल्यास. मालकांनी तपासायला घेतलेल्या केकवर मेणाची माशी बसवली, ती ते हाकलत राहिले आणि तिकडे मावशीला हसून हसून ठसका लागला. पण एक बघ, मी या सगळ्यात एकदाही खोटं बोललो नाही. वस्तू ठेवायची आणि गप्प बसायचं, समोरच्याने काय समजायचं ते समजावं. आणि ‘कोणी केलं’ असं कोणी विचारलं की हात वर. मार पडो, हजेरी कापो. आमच्या घराच्या गच्चीच्या पायऱ्यांवर बसून आपण दोघांनी हे ठरवलं होतं, मस्करी करायची तर नाकबूल करायची नाही. बाकी कोणाला हा नियम सांगितला नव्हता. त्यांना वाटायचं मी निर्लज्ज आहे म्हणून कबूल करतो. तुला माहीत होतं.

मग तुला बोलता येतं हे मालकांच्या लक्षात आलं. आधी पाहुण्यांना कारखाना दाखवायला नेऊ लागलास, मग ऑर्डर घ्यायला, आणि बघता बघता रंगाचे डाग असलेली पँट गेली आणि क्रीज असलेली आली. मी जळलो नाही. खरं सांगतो, सुरुवातीला मला मजा वाटायची, आपल्यातला एकजण आत घुसलाय, आता मोठ्या खोड्या करता येतील. पण तू तिथे जाऊन वेगळीच भाषा शिकलास. काम चांगलं झालं की ‘आम्ही’. बिघडलं की ‘तुम्ही लोक’. उशीर झाला की ‘बघून घेतो’, आणि बघितलं काहीच नाही की ‘वरून निरोप यायचाय’. वर म्हणजे कुठे रे? वर तर नुसता पत्रा आहे. एकदा स्प्रेवाल्याने तुला सरळ विचारलं, मास्क कधी येणार. तू त्याला एवढं लांब आणि गोड उत्तर दिलंस की तो धन्यवाद म्हणून परत आला आणि मग अर्ध्या वाटेत थांबून मला विचारतो, ‘ए, येणार की नाही येणार?’ आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, पण तो राग होता. तेव्हा माझं मलाच कळलं नाही.

फळांच्या वासाचं तर तू सांगतोस तसंच सगळीकडे सांगितलं जातं, की कंपनीने शोधून काढलं. कंपनी म्हणजे मी आणि मावशीच्या डब्यातल्या साली. माझ्या डोक्यात एकच होतं, आपलं फळ दिसायला खरं, वजनाला खरं, मग नाकाला का नाही. रंगावर अत्तर मारून बघितलं, दोन दिवसांत उडालं आणि फळाला न्हाव्याच्या दुकानाचा वास आला. मग मेणातच मिसळलं. मग देठाशी सुईने भोकं पाडली, म्हणजे हाताची ऊब लागली की वास बाहेर येतो. मग मावशीने कापलेल्या सफरचंदाच्या साली वाळवून, कुटून पूड केली. कितीतरी कढया फुकट घालवल्या. मावशी म्हणायची, ‘तुझ्या नादाने मला आता झोपेतही सफरचंदाची स्वप्नं पडतात, आणि स्वप्नातही ती तूच चोरतोस.’ एकदा जमलं. मी ते फळ तिच्या नाकाखाली धरलं, तर तिने डोळे मिटले आणि परत एकदा वास घेतला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं बक्षीस. तू दुसऱ्या दिवशी ते मालकांकडे घेऊन गेलास आणि आत म्हणालास, ‘आम्ही एक नवीन गोष्ट केलीय.’ दार उघडं होतं, मी ऐकलं. त्याचाही मला राग नाही, असं मी आत्तापर्यंत सगळ्यांना सांगत आलो. आहे. फार आहे.

मोठी शोरूमवाली ऑर्डर आली ती त्या वासामुळे. आणि तिच्याबरोबर तुझं नवं शहाणपण आलं, की कोरं बंद. गिऱ्हाईक फळ उचलून बघतं आणि खाली पांढरं दिसलं की त्याला काम अर्धवट वाटतं. मावशी उठून तुझ्या टेबलापाशी आली होती. ती कधी उठत नाही, तिचे गुडघे दुखतात. म्हणाली, ‘अरे, ते अर्धवट नाही, ते मुद्दाम आहे.’ तू खुर्चीतून न उठता म्हणालास, ‘मावशी, तुमचं म्हणणं मी पुढे पोचवतो.’ ज्या बाईने तुला ब्रश धरायला शिकवला, तिला तू ‘तुमचं म्हणणं’ म्हणालास. ती परत जागेवर गेली आणि खळगे रंगवायला लागली. आणि काम तर तिला वाईट करताच येत नाही. खळग्यातल्या त्या तपकिरी रेघा, देठाखालची हिरवट झाक, सगळं काढलं. मी तिला म्हणालो, ‘थोडं वाईट कर की.’ ती म्हणाली, ‘मला नाही येत रे.’

मग तो दिवस. तू शोरूमच्या पाहुण्याला घेऊन जेवणाच्या टेबलापाशी आलास. आम्ही सगळे अजून हात धूत होतो. बायकांच्या फळांच्या टोपलीत तू ते पूर्ण रंगवलेलं सफरचंद ठेवलंस, ‘ओळखा बरं यातलं आपलं कुठलं’ असा खेळ करून दाखवायला. पाहुणा हसला असेल, तुम्ही बोलत बोलत बाहेर गेलात, फळ टोपलीतच राहिलं. मावशी नेहमीसारखी जेवण झाल्यावर सफरचंद घेते, तसं तिने घेतलं. उलटं केलं. खळगा बघितला. पूर्ण रंगलेला. म्हणजे खरं, असं तिच्या हाताला इतक्या वर्षांनी पाठ झालंय. वास आला, माझ्या मापाचा. आणि तिने कचकन चावलं. बाहेरच्या कोणी कदाचित गारव्यावरून, गुळगुळीतपणावरून ओळखलंही असतं, त्याने उलटं करून बघितलं नसतं. जो बघतो तोच फसला. तिच्या ब्रशने आणि माझ्या नाकाने मिळून तिला फसवलं, आणि आम्हा दोघांच्या मधे तू.

पुढचा दात उभा चिरला. वॉर्निश जिभेला लागून जीभ सुजली. तिने पदरात थुंकलं ते लाल होतं, रंगाचं की रक्ताचं ते पहिल्यांदा कळेना, आपल्याकडे लाल फार. मालक धावत आले, सगळे गोळा झाले, तूही आलास पाहुण्याला गाडीत बसवून. मालकांनी विचारलं, ‘हे इथे कोणी ठेवलं?’ आणि तू म्हणालास, ‘साहेब, इथे असले उद्योग कोण करतं ते मी कशाला सांगू, सगळ्यांना माहीतच आहे.’

वाक्य म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देतो. त्यात खोटा शब्द एक नाही. असले उद्योग मी करतो, सगळ्यांना माहीत आहे, तू कशाला सांगशील. वस्तू ठेवलीस आणि गप्प बसलास, ज्याने जे समजायचं ते समजावं. गच्चीच्या पायऱ्यांवर ठरवलेलं सगळं तू पाळलंस, हात वर करणं तेवढं सोडून. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मालक म्हणाले, ‘तू?’ मी म्हणालो, ‘नाही.’ आणि मला हसू आलं. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, त्यामुळे एवढं हसू पण कधी आलं नव्हतं. मावशी तोंडाला पदर लावून बसलीय, आणि मी तिच्यासमोर दात काढून नाही, नाही म्हणतोय. मी मालक असतो तर मीही मला हाकललं असतं. त्या खोलीत एकच माणूस असा होता ज्याला माहीत होतं की हा रागाने हसतो, आणि हा नाही म्हणाला म्हणजे नाही. तो माणूस पाहुण्याने दिलेलं कार्ड पाकिटात नीट घालून ठेवत होता.

नंतर नळापाशी तू मला गाठलंस. शब्द न शब्द लिहितो, म्हणजे आठवण नाही म्हणायची सोय राहणार नाही. ‘अरे, पाहुण्याला दाखवायला ठेवलं आणि बोलण्याच्या नादात राहून गेलं. तू ओढवून घे ना. तुझी ती मस्करी होईल, माझी ती चूक होईल. मस्करी लोक विसरतात.’ मी विचारलं, ‘मावशी विसरेल?’ तू म्हणालास, ‘तिचा तुझ्यावर जीव आहे, ती माफ करेल.’ म्हणजे तू हिशोब केला होतास. माझ्यावर कोणाचा जीव आहे तेसुद्धा तू वापरायला काढलंस. मी मालकांकडे गेलो, त्यांना हे सगळं सांगितलं, त्यांनी तुला बोलावून विचारलं, तर तू मान खाली घालून म्हणालास, ‘जाऊ द्या साहेब, तो माझा मित्र आहे, मला त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही.’ परत एकही खोटा शब्द नाही. तुला खरंच पुरस्कार मिळायला हवा, मेणाचा.

मावशी मला भेटायला आली नाही, मी गेलो. दार अर्धंच उघडलं. सुजलेल्या जिभेने तिला नीट बोलता येत नव्हतं, तरी म्हणाली, ‘सगळ्यांशी खेळलास, माझ्याशी नको होतास रे.’ मी म्हणालो, मी नाही. आणि मेलो, परत हसू आलं. तिने दार लावलं. घरी बाबा म्हणाले, ‘केलीस ती केलीस, निदान कबूल तरी कर. तेवढं एक तरी तुझं बरं होतं.’ हे ऐकल्यावर मी जेवलो नाही. बाबांनी माझ्यात काहीतरी बरं बघितलं होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याच दिवशी ते गेलंही.

बुटांच्या खोक्यांमध्ये विचार करायला वेळ भरपूर मिळतो. मला वाटायचं खोटं बोललं नाही की झालं, माणूस स्वच्छ. मी त्याच्यावर फार ऐटीत होतो. तू दाखवून दिलंस की एकही शब्द खोटा न बोलता माणूस नखशिखांत खोटा असू शकतो. शिकवण मोलाची आहे, फी म्हणून माझी नोकरी घेतलीस. माझी एकही खोडी अशी नव्हती की जिच्यात फसलेला माणूस शेवटी हसला नाही. तुझ्या वाक्याला अजून कोणी हसलेलं नाही. फरक मला एवढाच सापडला, पुस्तकात आणखी मोठा असेल. आणि तुझ्याबद्दल एक सांगतो, तू वाईट माणूस असतास तर मला सोपं गेलं असतं. तू घाबरट आहेस. गजांत अडकला होतास तेव्हाही ओरडला नाहीस, कोणी बघेल म्हणून. मी ढकलायला होतो म्हणून सुटलास. या वेळी मला ढकलूनच सुटलास.

आता हे पत्र का, ते सांगतो. गेल्या आठवड्यात पॅकिंगवाले काका दुकानात आले. आठ नंबरचे बूट मागवले, एकामागून एक सगळे घालून बघितले, दुकानदार कंटाळून बाहेर गेला तेव्हा तुझा निरोप दिला. शोरूमचा माल परत आलाय, वासाची तक्रार आहे, साबणासारखा येतोय. मी परत यावं. अट एकच, सगळ्यांसमोर म्हणायचं की मस्करी होती, अंगाशी आली. म्हणजे मालकांचाही मान राहतो, मावशीही बोलायला लागते, आणि येताना वासाचं माप घेऊन यायचं. काका बिचारे बूट काढता काढता म्हणाले, ‘घे की रे, एक वाक्य तर आहे.’ तर हे घे उत्तर. ते वाक्य मी म्हणणार नाही आणि परत येणार नाही. पण माप देतो, फुकट. कढईभर मेणाला सालींची पूड दोन मुठी, अत्तराची तीन झाकणं, हे तुम्ही घालताच. राहतंय ते शेवटचं, आच बंद केल्यावर एक चमचा व्हिनेगर. कुठल्याच खऱ्या फळाचा वास नुसता गोड नसतो, त्यात थोडं उतरायला लागलेलं असतं, तेवढ्याने नाकाला खात्री पटते. व्हिनेगर वाचून तू दचकशील. चुकीचं निघालं तर अख्खी कढई वाया, ऑर्डर वाया, आणि तुझी खुर्ची डुगडुगती. आणि कोणाच्याही तोंडाशी खेळणारा, नाही म्हणत दात काढणारा असा माणूस हे माप देतोय. हे पत्र मी मावशीच्या हाती पाठवतोय. काल गेलो होतो तिच्याकडे, या वेळी तोंडावर हात धरून बोललो, म्हणजे हसू दिसायला नको. पाकीट चिकटवलेलं आहे, तिने वाचलेलं नाही. तिला मी एवढंच सांगितलं की यात वासाचं माप आहे, आणि त्याने ते वापरलं तर त्याला एक प्रश्न विचार. तिने पाकीट घेतलं, उलटं करून बघितलं, आणि पिशवीत टाकलं. ती पहिल्या खिडकीपाशी कढयांकडे तोंड करून बसते, तू चमचा उचललास की तिला दिसेल, आणि ती विचारेल, ‘त्या पोराचं हे खरं कशावरून?’ उत्तर तुला येतं, आणि ते त्या सफरचंदालाही लागू पडतं.

अजून तरी तुझाच,
खोडकिडा